झडपेची स्प्रिंग

यंत्रांचे इतिहास लिहिणारांचें लक्ष बहुधा ढकलणाऱ्या शक्तीकडे असतें. वाफेनें दट्ट्या ढकलला, पेटलेल्या वायूनें दट्ट्या ढकलला, विजेनें चाक फिरविलें, एवढें वर्णन मोठ्या हौसेनें येतें. पण ढकललेली वस्तु पुनः आपल्या जागीं कोणीं आणली आणि ती वेळेवर आली कीं नाहीं, ह्याची चौकशी फारशी कोणी करीत नाहीं. मोटारगाडीच्या इतिहासांत तर ही उपेक्षा फारच खटकते. त्यांत शोधकांचीं चरित्रें आहेत, शर्यतींचीं वर्णनें आहेत, कारखान्यांच्या भरभराटीचे व दिवाळ्यांचे आंकडे आहेत. परंतु एंजिनानें मिनिटाला किती फेरे घ्यावे ही मर्यादा ज्या वस्तूनें पुनःपुनः घालून दिली, तें बोटाएवढें तारेचें वेटोळें त्या ग्रंथांच्या सूचींतहि क्वचित् सांपडतें. ह्या लेखांत आम्ही त्याचीच हकीकत सांगणार आहों. आणि तें जुनें झाल्यावर बदलणें हें जें क्षुल्लक वाटणारें काम, त्याच्या पाठीमागें किती पिढ्यांचा अनुभव आहे तेंहि पाहणार आहों.

'स्प्रिंग' हा शब्द आम्हीं हेतुतः ठेविला आहे. 'कमान' हा जुना मराठी शब्द घड्याळाला शोभतो, टांग्यालाहि शोभतो. परंतु वांकविलेली पट्टी आणि वेटोळी केलेली तार ह्या दोहोंस एकच नांव दिल्यानें पुढें घोटाळा होतो, आणि गॅरेजांतील मेस्त्री तर स्प्रिंगच म्हणतात. ज्यांच्या हातीं ती वस्तु रोज असते त्यांचा शब्द मोडून आपला चालविण्याची हौस आम्हांस नाहीं.

आतां झडपेचें काम काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. मोटारीच्या एंजिनांत दट्ट्या चार धांवांत आपलें एक आवर्तन पुरें करतो. पहिल्या धांवेंत तो हवा व पेट्रोल ह्यांचें मिश्रण आंत ओढतो, दुसरींत तें दाबतो, तिसरींत पेटलेल्या वायूच्या जोरानें स्वतः खालीं ढकलला जातो, आणि चवथींत जळका वायु बाहेर घालवितो. आंत येण्याच्या वाटेवर एक झडप असते, बाहेर जाण्याच्या वाटेवर दुसरी. झडप म्हणजे लांब दांड्याची व अळंब्यासारख्या पसरट डोक्याची एक पोलादी वस्तु. तिला उघडतो तो कॅम. म्हणजे एका अंगास फुगीर असलेली, फिरत्या दांड्यावरील चकती. कॅम ढकलूं शकतो, ओढूं शकत नाहीं. त्याचें फुगीर अंग पुढें निघून गेलें म्हणजे झडपेनें त्याच्या पाठीला धरून परत यावें व आपल्या बैठकीवर घट्ट बसावें, एवढ्यासाठीं तिच्या दांड्यावर स्प्रिंग दाबून बसविलेली असते.

मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या एंजिनांत प्रत्येक झडप मिनिटाला १,००० वेळां, म्हणजे तासाला ६०,००० वेळां उघडते. ताशीं ५० किलोमीटर ह्या सरासरीनें एक लक्ष किलोमीटर जाण्यास २,००० तास लागतात. तेवढ्या अवधींत एकेक स्प्रिंग १२ कोटि वेळां दाबली जाऊन सुटते. ती सुटण्यास क्षणाचा जरी उशीर झाला, तरी झडप कॅमची पाठ सोडून अधांतरीं राहते आणि बैठकीवर उशिरां व आपटून बसते. चढावर किंवा भरवेगांत एंजिनाचा जोर अकस्मात् ओसरतो, झडपेची कडा जळूं लागते. आणि स्प्रिंग तुटलीच, तर झडप सिलिंडरांत उतरून वर येणाऱ्या दट्ट्याशीं तिची गांठ पडण्याचा प्रसंग येतो. मग जें नुकसान होतें त्यापुढें स्प्रिंगची किंमत हिशेबांत धरण्यासारखी राहत नाहीं.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत स्प्रिंगवर हा सगळा भार नव्हता. निकोलाउस ओटो ह्यानें १८७६ सालीं चार धांवांचें एंजिन सिद्ध केलें, तें मिनिटाला दोनशेंच्याहि आंत फेरे घेई. गॉटलीब डेमलर व विल्हेल्म मायबाख ह्यांनीं १८८५ सालीं बनविलेलें, दिवाणखान्यांतील उभ्या घड्याळासारखें दिसणारें एंजिन सुमारें ६०० फेऱ्यांपर्यंत गेलें, आणि त्या काळीं हा वेग अचाट वाटला. ह्या एंजिनांत जळका वायु सोडणारी झडप यंत्रानें उघडे. पण मिश्रण आंत घेणारी झडप उघडण्यास कोणीच नसे. दट्ट्या खालीं जातांना सिलिंडरांत जी ओढ उत्पन्न होई, तिनेंच ती उघडे, आणि एक नाजूक स्प्रिंग तिला परत लावी. व्यवस्था मोठी सुटसुटीत. कॅम नको, दांडे नकोत. १८९५ नंतर फ्रान्सांत ज्या द दिओं-बुतों कंपनीच्या लहानशा एंजिनानें तीनचाकी गाड्या धांवूं लागल्या व जें १,५०० फेरे सहज घेई, त्याची आंतली झडपहि अशीच होती. राइट बंधूंच्या ज्या यंत्रानें १७ डिसेंबर १९०३ रोजीं किटी हॉकजवळ जमीन सोडली, त्याच्या चार सिलिंडरांच्या एंजिनांतहि मिश्रण घेणाऱ्या झडपा केवळ ओढीनेंच उघडत. मनुष्याच्या पहिल्या यंत्रविमानाला हवा पुरविणाऱ्या झडपा स्वतः हवेच्या ओढीवर अवलंबून होत्या, ही गोष्ट आम्हांस वाचल्यापासून विसरलेली नाहीं.

परंतु ह्या व्यवस्थेंत एक पेंच होता. स्प्रिंग बळकट केली तर ओढीनें झडप पुरती उघडेना. नाजूक ठेविली तर वेगांत ती वेळेवर मिटेना. गाडी संथ चालविण्याचा प्रसंग आला कीं ओढ कमी पडे आणि झडप फडफडे. म्हणजे स्प्रिंगची निवड ही एकाच वेगाशीं केलेली सोयरीक होती. ह्या पेंचांतून सुटका झाली ती एका हौशी व हट्टी गिऱ्हाइकामुळें. नीस येथें राहणारा एमिल येलिनेक हा डेमलर कंपनीच्या गाड्या विकी व शर्यतींत उतरवी. त्याच्या आग्रहावरून मायबाखनें ३५ अश्वशक्तीची नवी गाडी रचिली, आणि मार्च १९०१ मध्यें नीसच्या शर्यतींत ती सर्वांवर ताण करून गेली. येलिनेकच्या मुलीचें मर्सिडीज हें नांव तिला मिळालें, तें आजतागायत आहे. लोकांनीं तिची ठेंगणी बैठक व मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर पाहिला. आम्हांस तीत महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, तिच्या दोन्ही प्रकारच्या झडपा कॅमनें उघडत. आतां स्प्रिंग हवी तितकी ताठ करतां आली. एंजिन मिनिटाला तीनशेंवर रांगूं शकलें व हजाराजवळ पोंचूं शकलें. त्या दिवसापासून वेगाची जबाबदारी ओढीवरून निघाली ती सर्वस्वीं स्प्रिंगच्या माथीं आली.

तारेच्या वेटोळ्याविषयीं शास्त्राला तेव्हां काय ठाऊक होतें? एक गोष्ट तर सव्वादोनशें वर्षें ठाऊक होती. रॉबर्ट हूक ह्यानें १६७६ सालीं आपला शोध अक्षरें उलटसुलट मांडून कोड्याच्या रूपानें छापला, कारण त्याला तो कोणी चोरील अशी भीति होती. आणि १६७८ सालीं उत्तर प्रसिद्ध केलें. स्प्रिंगला जितकें ताणावें किंवा दाबावें, तितक्या प्रमाणांत ती उलट जोर करते, हा तो नियम. घड्याळें करणारांस व तराजू करणारांस तो पुरून उरला. पण ह्या नियमांत दाबण्याच्या संख्येचा कोठें उल्लेख नाहीं. पहिल्यांदा दाबलेली स्प्रिंग आणि कोटि वेळां दाबलेली स्प्रिंग ह्यांत हूकच्या दृष्टीनें भेद नाहीं.

तो भेद रेल्वेनें शिकविला, आणि त्याची किंमत माणसांनीं दिली. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस तुटला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली, आणि ज्यांच्या देहांची ओळखहि पटेना अशीं अनेक माणसें गेलीं. त्यांत दक्षिण ध्रुवाकडील समुद्र धुंडाळून सुखरूप परत आलेला फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युर्विल हाहि सहकुटुंब होता. आंस कांहीं जास्त बोजानें मोडला नव्हता; रोज जो बोजा तो निमूटपणें वाहत असे, त्याच बोजानें तो एके दिवशीं मोडला. पुढें प्रशियांतील रेल्वेचा एंजिनिअर आउगुस्ट व्होलर ह्यानें अनेक वर्षें आंस फिरवून फिरवून, दाबून दाबून मोडले, व १८७० पर्यंत आपले निष्कर्ष मांडले. धातूला एकदां मोडण्यास जेवढा जोर लागतो त्याहून पुष्कळ कमी जोर पुनःपुनः लावला तरी ती मोडते. मात्र पोलादाच्या बाबतींत ह्या पुनःपुनः लावलेल्या जोराची एक अशी खालची पातळी आहे कीं, तिच्या आंत राहिल्यास तें बहुतेक अमर्याद काळ टिकतें. ह्या दुखण्यास पाश्चात्य भाषांत 'थकवा' असेंच नांव पडलें. आगगाडीच्या आंसाला जे फेरे घेण्यास वर्षें लागत, तेवढे हेलकावे झडपेच्या स्प्रिंगला कांहीं महिन्यांत बसतात. तेव्हां व्होलरचा खरा वारस कोण म्हणाल तर ती स्प्रिंगच.

येथें शब्दाविषयीं थोडें बोलणें अवश्य आहे. आपण सहज 'झिजलेली स्प्रिंग' म्हणतों. पायरी झिजते, टांच झिजते, नाणें झिजतें. तेथें पदार्थाचा कांहीं अंश निघून गेलेला असतो. स्प्रिंगमधून बहुधा कांहींच जात नाहीं. तिला दोन निरनिराळीं दुखणीं होतात. एक नरम पडण्याचें. एंजिनाच्या उष्णतेंत, विशेषतः जळका वायु सोडणाऱ्या झडपेजवळ, वर्षानुवर्षें दाबाखालीं राहून तिची मोकळी लांबी थोडी थोडी घटते आणि जोर ओसरतो. एखाद वेळीं पाणी संपून एंजिन फार तापलें तर हें काम एका दिवसांतहि होतें. दुसरें दुखणें व्होलरनें सांगितलेलें : तारेच्या अंगावर एखादा ओरखडा, गंजाचा टिपका किंवा पोलादाच्या पोटांत परक्या द्रव्याचा सूक्ष्म कण असावा, तेथून एक चीर निघावी, ती दर हेलकाव्याला केंसाच्या अंशानें वाढावी, आणि एका सकाळीं तार दुभंगावी. पहिलें दुखणें मापानें कळतें. दुसरें बहुधा तुटल्यावरच कळतें. तुटण्याच्या आदल्या दिवशीं ती स्प्रिंग हातीं घेतली असती तर नव्या स्प्रिंगहून ती वेगळी दिसली नसती.

अशा अविश्वासू नोकराला घरांतून काढावेंच, असें कित्येकांस वाटलें ह्यांत नवल नाहीं. त्यांत आम्हांस सर्वांत कौतुक वाटतें तें चार्ल्स येल नाइट ह्या अमेरिकन गृहस्थाचें. हा मूळचा एंजिनिअर नव्हे. शिकागोस दूधदुभत्याच्या धंद्याचें एक पत्र चालवीत असे. त्यानें मोटार घेतली, आणि तिच्या झडपांच्या टकटकीनें तो इतका त्रासला कीं, झडपा व स्प्रिंगा मुळींच नसलेलें एंजिन त्यानें काढलें. दट्ट्याभोवतीं एकांत एक अशा दोन पोलादी नळ्या वरखालीं सरकत, आणि त्यांच्या भोंकांतून वायु आंतबाहेर करी. १९०८ सालीं कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीनें तें स्वीकारलें. फ्रान्स, बेल्जम व जर्मनी ह्यांतील प्रतिष्ठित कारखान्यांनींहि त्याचे हक्क घेतले. गाडी खरोखर निःशब्द चाले. मात्र त्या सरकत्या नळ्यांना वंगण फार लागे, आणि श्रीमंतांच्या त्या मुक्या गाड्या पाठीमागें निळसर धुराचा पट्टा सोडीत जात. अमेरिकेंत विलीज-नाइट गाड्या १९३३ पर्यंत निघाल्या, व पुढें ही पद्धति मोटारींतून उठली. विमानाच्या एंजिनांत मात्र एकाच नळीच्या सुधारलेल्या स्वरूपांत तिनें दुसऱ्या महायुद्धांत मोठी कामगिरी केली. ब्रिस्टल कंपनीचें हर्क्युलीज एंजिन त्याच वळणाचें.

दुसऱ्या मार्गानें जाणारांनीं झडप ठेविली आणि स्प्रिंगचें ओझें हलकें करण्याचा विचार केला. १९१२ सालीं प्यूजो कंपनीच्या शर्यतीच्या गाडीनें दिएप येथें फ्रान्सचें मोठें बक्षीस जिंकलें, तिच्या प्रत्येक सिलिंडराला दोन मोठ्या झडपांऐवजीं चार लहान झडपा होत्या आणि कॅमचे दोन दांडे डोक्यावर होते. झडप लहान म्हणजे हलकी. हलकी वस्तु परत आणण्यास स्प्रिंगला श्रम कमी. आजच्या बहुसंख्य मोटारी ह्याच वाटेनें चालल्या आहेत. १९१४ सालीं लिओंच्या शर्यतींत दलाज कंपनीनें ह्याहून धीट उपाय आणिला : झडप उघडण्यास एक कॅम व मिटण्यास दुसरा. बांधलेल्या वाटेनें धांवणारी, अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ह्या पद्धतीला डेस्मोड्रोमिक हें भारदस्त नांव मिळालें. दलाजला त्या दिवशीं यश आलें नाहीं. ४ जुलै १९१४ रोजीं पहिल्या तिन्ही जागा मर्सिडीजनें पटकाविल्या. योगायोग असा कीं, बरोबर चाळीस वर्षांनीं, ४ जुलै १९५४ रोजीं, रेम्स येथें मर्सिडीजचीच नवी गाडी फांजिओनें पहिली आणली, आणि तिच्या झडपांना स्प्रिंगा नव्हत्या. १९५४ व १९५५ अशीं दोन वर्षें तिनें जगज्जेतेपद मिळविलें. पुढें इटलींत डुकाटी कंपनीचा फाबिओ तालिओनी ह्यानें १९५६ पासून हीच पद्धति मोटारसायकलींत रुजविली, आणि तिच्या भक्तांनीं तिला धर्मासारखें मानलें. ह्या कॅमजोड्यांत अंतर केंसाइतकें चुकलें तरी चालत नाहीं, म्हणून त्यांची तपासणी वारंवार करावी लागे. आणि २०२० सालीं त्याच डुकाटी कंपनीनें आपल्या प्रवासी गाडीच्या नव्या चार सिलिंडरांच्या एंजिनांत पुनः तारेच्या साध्या स्प्रिंगा बसविल्या. तपासणीची मुदत ६०,००० किलोमीटरांवर गेली.

शर्यतींच्या जगांत तिसरीहि एक वाट निघाली. रेनो कंपनीनें १९८६ सालीं झडपेखालीं पोलादी तारेऐवजीं दाबलेला वायुच कोंडला. वायूला वजन जवळजवळ नाहीं, थकवा नाहीं. २००६ च्या सुमारास अशीं एंजिनें मिनिटाला २०,००० फेऱ्यांपर्यंत गेलीं. पण वायु पाझरतो, त्याची भरती ठेवावी लागते. रोजच्या मोटारीला हा संसार परवडणारा नव्हे.

स्प्रिंग घरांतून गेली नाहीं ह्याचें श्रेय आमच्या मतें बहुतांशीं त्या लोकांस आहे, ज्यांचीं नांवें मोटारीच्या इतिहासांत येत नाहींत : पोलाद गाळणारे, तार ओढणारे, वेटोळीं करणारे. त्यांच्यापुढें थकव्याखेरीज आणखी एक संकट उभें राहिलें. स्प्रिंग ही सगळी एकदम दाबली जात नाहीं. एका टोंकाला दिलेला धक्का तिच्या वेढ्यांतून लाटेसारखा दुसऱ्या टोंकास जातो व परत येतो. एंजिनाचा एखादा वेग ह्या लाटेशीं जुळला म्हणजे लाट वाढत जाते, मधले वेढे एकमेकांवर आपटतात, आणि हिशेबानें जो ताण यावयाचा त्याच्या कितीतरी अधिक ताण तारेला बसतो. ह्यावर उपाय सांपडले ते साधेच. वेढे एका टोंकाशीं दाट व दुसऱ्याशीं विरळ घालावे, म्हणजे स्प्रिंगला एकच ठराविक ताल राहत नाहीं. अथवा एकीच्या पोटांत दुसरी अशा दोन स्प्रिंगा ठेवाव्या. दोघींचे ताल निराळे, म्हणून एक नाचूं लागली तरी दुसरी तिला आंवरते, आणि एक तुटली तर दुसरी झडपेला निदान सिलिंडरांत पडूं देत नाहीं. आंतल्या स्प्रिंगचे वेढे बाहेरच्या उलट दिशेनें घालतात, तें एवढ्यासाठीं कीं, तुटलेला वेढा शेजारच्या वेढ्यांत शिरूं नये.

थकव्यावरचा उपाय मात्र ऐकणारास प्रथम विपरीत वाटेल. तयार स्प्रिंगवर पोलादाच्या बारीक गोळ्यांचा जोराचा वर्षाव करतात. कोणाहि शहाण्या माणसास वाटावें कीं, ह्यानें तार दुबळी होईल. होतें तें उलट. गोळ्यांच्या माऱ्यानें तारेचा वरचा पापुद्रा दाबून ठोकला जातो. तो दाब आंतच राहतो, आणि चीर पडावयाची ती ताणानें, तेव्हां दाबाखालीं असलेल्या कातडीवर तिला उमलतां येत नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मोटारीच्या स्प्रिंगांवर ही क्रिया रूढ झाली. जनरल मोटर्समधील जॉन आल्मेन ह्यानें तिचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, आणि वर्षाव किती जोराचा झाला हें मोजण्याची त्याची पातळ पट्टी आजहि कारखान्यांत त्याच्याच नांवानें ओळखली जाते. फोर्डच्या टी-गाडीचें एंजिन १,६०० फेऱ्यांवर आपली सर्व शक्ति देऊन मोकळें होत असे. १९९९ सालीं निघालेली होंडा कंपनीची एक रस्त्यावरची गाडी तारेच्याच स्प्रिंगांवर सुमारें ९,००० पर्यंत जाई. ह्या दोहोंमधील अंतरांत शुद्ध पोलाद व ह्या पोलादी गोळ्यांचा वाटा केवढा आहे, हें गाडी विकणाऱ्याच्या जाहिरातींत कोठें छापलेलें नसतें.

आतां दुरुस्तीकडे वळूं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पेट्रोल व वंगण हलकें असे, आणि कांहीं हजार मैल झाले कीं सिलिंडराचें डोकें उतरून आंतला कोळसा खरवडणें, झडपा बैठकीवर घासून बसविणें, हा मोटारीचा नित्यविधि होता. ह्या वेळीं स्प्रिंगाहि बाहेर येत, व त्यांची परीक्षा आपोआप घडे. पुढें इंधन सुधारलें, हा विधि विरळ झाला, आणि स्प्रिंगा वर्षानुवर्षें कोणाच्या दृष्टीस पडेनाशा झाल्या. सुधारणेचा हा एक उलटा परिणाम म्हटला पाहिजे.

परीक्षा करण्याची जुनी रीत आम्हांस फार आवडते, कारण तीत कसलेंहि उपकरण नाहीं. जुनी व नवी स्प्रिंग टोंकाला टोंक लावून व्हाइसमध्यें धरावी व हळूहळू आंवळीत जावें. दोघींवर दाब एकच. तेव्हां जी अधिक आंखडेल ती नरम. शिवाय स्प्रिंग सपाट फळीवर उभी करून शेजारीं गुण्या धरावा. ती एका बाजूस कलली असेल तर झडपेचा दांडाहि ती एका बाजूस रेटणार, आणि त्याची नळी विनाकारण झिजणार. एक जरी नरम निघाली तरी जाणता मेस्त्री सगळा संच बदलतो, कारण बाकीच्याहि तितकेच हेलकावे खाऊन बसलेल्या असतात. अडाणी मेस्त्री जुनी स्प्रिंग हातानें ताणून लांब करतो. ती पहिले कांहीं दिवस गिऱ्हाइकाचें समाधान करते व मग पूर्ववत् होते. कोणी तिच्याखालीं वायसर घालतो. मापून घातलेली पातळ वायसर शास्त्रसंमत आहे. पण अंदाजानें जाड घातली तर झडप पुरती उघडण्याच्या आधींच वेढे एकमेकांस भिडतात, आणि मग कॅमला जागाच राहत नाहीं. वाचविलेल्या चार पैशांसाठीं कॅमचा दांडा जातो.

ज्या एंजिनांत झडपा डोक्यावर असतात, तेथें डोकें न उतरतां स्प्रिंग बदलण्याची एक युक्ति आहे. अडचण अशी कीं, स्प्रिंग काढली कीं झडप सिलिंडरांत घसरणार. म्हणून ठिणगीच्या प्लगच्या भोंकांतून सुती दोरी वेटोळीं करीत आंत सारतात, तिचें टोंक बाहेर ठेवतात, आणि एंजिन हातानें फिरवून दट्ट्या वर आणतात. दोरीचा गठ्ठा झडपांना खालून टेंकू देतो. ज्यांच्याजवळ दाबलेली हवा आहे ते तीच कामाला लावतात. मग तरफेनें स्प्रिंग दाबून दांड्याच्या खांचेंतील दोन बारीक पाचरी काढावयाच्या. मेस्त्री ह्यांस लॉक म्हणतात. त्यांतील एक निसटून तेलाच्या वाटेनें एंजिनाच्या पोटांत गेली, तर घटकेचें काम दिवसाचें होतें. म्हणून आधींच आजूबाजूचीं भोंकें चिंध्यांनीं बुजविण्याची व जवळ लोहचुंबक ठेवण्याची चाल आहे.

मुंबईच्या गॅरेजांना ह्या विद्येची दीर्घ संवय होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतून १९६४ पासून २००० च्या सुमारापर्यंत निघालेली, मूळच्या इटालियन फियाटची आवृत्ति असलेली व पुढें पद्मिनी हें नांव घेतलेली गाडी ही शहराची टॅक्सी होती. तिचें १,०८९ घनसेंटिमीटरांचें, डोक्यावर झडपा असलेलें एंजिन पुनःपुनः उघडून, पुनःपुनः जोडून चालविलें जाई. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली. देशावर परिस्थिति निराळी होती. सातारच्या कूपर कारखान्याचीं, किंवा १९४६ सालीं निघालेल्या खडकीच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सचीं, विहिरीवर पाणी ओढणारीं यंत्रें संथ चालीचीं. त्यांच्या स्प्रिंगा शेतकऱ्याच्या लेखीं जवळजवळ अमरच. शहरांतल्या टॅक्सीला मात्र दिवसाचे दोन-दोन चालक, उन्हाळा, आणि खोळंबलेल्या रहदारींत तापणारें एंजिन. एकाच जातीच्या पोलादाला एकीकडे पेन्शन व दुसरीकडे वेठ.

ह्या सर्व प्रगतीनंतर स्प्रिंगचा प्रश्न सुटला असें कोणी म्हणेल, तर त्यास दोन अलीकडच्या गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जुलै २०१० मध्यें टोयोटा कंपनीनें लेक्सस व क्राउन जातीच्या सुमारें २ लक्ष ७० हजार गाड्या परत बोलाविल्या. कारण एवढेंच कीं, कांहीं स्प्रिंगांच्या पोलादांत परक्या द्रव्याचे सूक्ष्म कण राहिले होते, आणि त्यांपासून तार दुभंगून गाडी चालतां चालतां बंद पडण्याचा संभव होता. नोव्हेंबर २०१८ मध्यें सुबारू कंपनीवर तोच प्रसंग आला. जगभरच्या सुमारें ४ लक्ष गाड्या, आणि दोष पुनः झडपेच्या स्प्रिंगांचा. पण सुबारूचें एंजिन उभें नाहीं. त्याचे सिलिंडर दोन अंगांस आडवे निजलेले असतात, आणि त्यांचीं डोकीं गाडीच्या सांगाड्याला इतकीं लागून असतात कीं, तेथें मेस्त्रीचा हात पोंचत नाहीं. दोरीची युक्ति तेथें निरुपयोगी. बोटाएवढ्या स्प्रिंगा बदलण्यासाठीं संबंध एंजिन गाडींतून बाहेर काढावें लागलें, झांकणें उघडावीं लागलीं, आणि हें काम ज्या कारागिरांकडे आलें त्यांतील पुष्कळांनीं पूर्वीं तें कधीं केलेलें नव्हतें. दुरुस्त होऊन गेलेल्या कांहीं गाड्यांचीं एंजिनें थोड्याच दिवसांत निकामी झालीं, अशा तक्रारी अमेरिकेंत निघाल्या. नव्या स्प्रिंगा चांगल्या होत्या; झांकणें पुनः बसवितांना लावलेला चिकट लेप जास्त झाला, आणि त्याचे तुकडे सुटून वंगणाच्या वाटेंत अडकले, असा तक्रारदारांचा आरोप होता.